प्रौढ मृत्यूदर प्रकल्प, बडोदा: जून ते ऑगस्ट २०२५ च्या नोंदी

८ जून २०२५

आजपासून नोंदी ठेवायच्या असं ठरलं. आम्ही तिघं आहोत. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, भाचा एमएस्सी करतोय आणि आर या आकडेमोडीच्या संगणक-भाषेत त्याचा हात चांगला बसलाय, आणि मामा, जे रिटायर्ड शिक्षक आहेत आणि दोन जनगणनांना गणक म्हणून घरोघर फिरलेत. काम दोन बाजूंनी करायचं. एक, ज्या देशांत मृत्यूची नोंद अर्धवट होते तिथे प्रौढ मृत्यूदर काढायच्या ज्या पद्धती आहेत त्या सगळ्या बनावट लोकसंख्येवर चालवून बघायच्या, म्हणजे खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत असेल आणि पद्धत किती चुकते ते दिसेल. दोन, दांडिया बाजार आणि रावपुऱ्याच्या आसपासच्या साधारण २०० मराठी घरांत जाऊन तेच प्रश्न विचारायचे जे सर्व्हेत विचारतात, आणि लोक खरंच काय उत्तर देतात ते ऐकायचं.

हा विषय का घेतला ते लिहून ठेवते. लहान मूल गेलं तर आईला विचारता येतं, बाई तुम्हाला मुलं किती झाली, आज किती आहेत, आणि विल्यम ब्रास यांनी तेवढ्या दोन प्रश्नांवरून बालमृत्यूदर काढायची रीत बसवून दिली. मोठं माणूस गेलं तर विचारायचं कोणाला? आई बहुतेक आधीच गेलेली, नवरा किंवा बायको एकटी उरलेली, मुलं गाव सोडून गेलेली, कधी कधी ते घरच मोडलेलं. आफ्रिकेत सहाराच्या खालच्या कितीतरी देशांत आजही १५ ते ६० वयात किती माणसं जातात हे नोंदीवरून सांगता येत नाही, अंदाजच बांधावा लागतो. आणि हेच तर कमावायचं, पोरं वाढवायचं वय आहे.

१० जून

भाच्याला आधी मोजमाप समजावलं. आपला आकडा म्हणजे ४५क्यू१५, पंधराव्या वर्षी जिवंत असलेलं माणूस साठ पूर्ण व्हायच्या आत जाण्याची शक्यता. पाच-पाच वर्षांचे नऊ गट, प्रत्येकाचा मृत्यूदर, सगळ्यांची बेरीज, तिला पाचाने गुणायचं आणि मग एक वजा ई (२.७१८) चा तेवढा ऋण घात.

त्याने पटकन एक चूक केली जी मी पण पूर्वी केलीये म्हणून इथे टाकते. समजा नोंदलेल्या दरांची ही बेरीज गुणिले पाच ०.१० आली, तर शक्यता ०.०९५, म्हणजे हजारी ९५. आता नोंद फक्त ६० टक्केच होते असं कळलं. तो म्हणाला ९५ ला ०.६ ने भागा, १५९. तसं नाही करायचं, भागायचे ते दर, शक्यता नाही. ०.१० भागिले ०.६ म्हणजे ०.१६७, त्यावरून शक्यता ०.१५४, हजारी १५४. फरक पाचाचा, पण मृत्यूदर जास्त असलेल्या ठिकाणी हाच फरक फुगत जातो.

१४ जून

आज केनेथ हिल यांची १९८७ ची पद्धत, जनरल ग्रोथ बॅलन्स, आम्ही जीजीबीच म्हणतो. कल्पना इतकी साधी आहे की सांगताना मला दर वेळी आनंद होतो. कुठलंही वय घ्या, समजा तीस. तीसच्या वरच्या लोकांचा एक हौद धरा. त्यात वरून पाणी येतं म्हणजे दर वर्षी काही जण तीस पूर्ण करून आत येतात, खालून जातं म्हणजे काही मरतात, आणि हौदाची पातळी वाढली की घटली ते दोन जनगणनांवरून कळतं. आत आलेले आणि पातळीतला बदल दोन्ही माहीत असेल तर गेलेले किती हे हिशोबाने निघतं, आणि नोंदलेले मृत्यू त्याच्या शेजारी ठेवले की किती निसटले तेही. हे प्रत्येक वयाला करायचं, आडव्या अक्षावर नोंदलेला मृत्युदर, उभ्या अक्षावर आत येण्याचा दर वजा वाढीचा दर, ठिपके एका रेषेत पडायला हवेत. त्या रेषेचा चढ उलटा केला की नोंदीची पूर्णता, म्हणजे झालेल्या मृत्यूंपैकी किती नोंदले गेले. आणि रेषा शून्यातून न जाता वर किंवा खाली सरकली तर दोन जनगणनांपैकी एकीची मोजणी दुसरीपेक्षा कमी-जास्त झाली असणार, ती माहिती फुकटात मिळते. ब्रास यांनी १९७५ मध्ये हेच स्थिर लोकसंख्येसाठी, म्हणजे जिची वयरचना बदलत नाही अशा लोकसंख्येसाठी, मांडलं होतं, हिल यांनी स्थिर असण्याची अट काढून टाकली.

भाच्याने बनावट देश तयार केला, पूर्णता ६० टक्के ठेवून. स्वच्छ डेटावर चढ १.६७ आला, उलटा केला तर ०.६०. बरोब्बर. आता हा डेटा हळूहळू बिघडवायचा.

१७ जून

काल जनगणनेची अधिसूचना निघाली, देशाच्या बहुतेक भागासाठी संदर्भ तारीख १ मार्च २०२७. मामा पेपर घेऊनच आले. आधीची १ मार्च २०११ ची, म्हणजे मधे सोळा वर्षं. जीजीबीला दोन जनगणनांमधलं अंतर कितीही चालतं पण त्या सगळ्या वर्षांचे मृत्यू हाताशी लागतात आणि पूर्णता सगळीकडे एकच धरावी लागते, तिथे मला काळजी वाटते. कारण देशात नोंदलेले मृत्यू २०२० मध्ये सुमारे ८१ लाख होते ते २०२१ मध्ये १ कोटी २ लाखांवर गेले, त्यातले किती खरोखर जास्त मेले आणि किती फक्त नोंद सुधारल्यामुळे दिसले हे त्या आकड्यावरून वेगळं करता येत नाही. सोळा वर्षांच्या सरासरीत असलं वर्ष टाकलं की एका आकड्याच्या पूर्णतेला काय अर्थ राहतो. इथे सॅम्पल रजिस्ट्रेशन सिस्टिम कामाला येते, १९६९-७० पासून देशभर चालू आहे, निवडलेल्या गावा-वॉर्डांत एक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो आणि दर सहा महिन्यांनी दुसरा स्वतंत्रपणे घरोघर जाऊन विचारतो, मग दोन्ही याद्या जुळवून जे जुळत नाही त्यासाठी परत घरी जातात. बऱ्याच देशांकडे हे नाही, आणि ते नाही म्हणूनच या आडवळणाच्या पद्धती जन्माला आल्या.

२२ जून

आजचा दिवस मला बराच काळ आठवेल.

भावंडांचा प्रश्न तपासायला गेलो होतो. हा प्रश्न मोठमोठ्या सर्व्हेत बायकांना विचारतात, तुम्हाला भावंडं किती, त्यातली कोण हयात, जे गेले ते किती वर्षांपूर्वी आणि कोणत्या वयात. आम्ही एका वाड्यात माडीवर राहणाऱ्या आजींकडे गेलो, वय ऐंशीच्या पुढे, स्मरणशक्ती ठणठणीत, आल्या आल्या आम्हाला लीलो चिवडा आणि चहा. मी आधी साधं विचारलं, "आजी, तुम्हाला भावंडं किती?" "आम्ही पाच, मला धरून." पाचही जणांची सगळी माहिती दिली, दोन हयात नाहीत, तारखांसकट.

मग मामांनी दुसऱ्या तऱ्हेने विचारलं. "आजी, तुमच्या आईला एकूण मुलं किती झाली, पहिल्यापासून ओळीने सांगता का?" आजींनी उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि मोजायला लागल्या, पहिला दादा, मग अक्का, मग मी, आणि चौथ्या पेरावर अंगठा थांबला. बराच वेळ तिथेच होता. मग म्हणाल्या, "माझ्या पाठची माई." माई एकोणिसाव्या वर्षी गेली, पहिल्या बाळंतपणात, सहाव्या दिवशी, डभोईला सासरी. पुढे अजून एक भाऊ निघाला जो दीड वर्षाचा असताना गेला होता. पाचाचे सात झाले.

मी विचारलं आधी का नाही सांगितलंत, तर आजी अगदी सहज म्हणाल्या, "अगं ती सासरची झाली होती ना, मग आमच्यात कशी धरायची." आणि सासरी? तिच्या नवऱ्याने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, त्या घरी सून विचारली तर दुसरीचंच नाव येणार. म्हणजे माहेरच्या मोजणीत माई सासरची आणि सासरच्या मोजणीत ती मुळी नाहीच. दोन्ही घरांतून ती निसटली. मॅटर्नल मॉर्टॅलिटी म्हणजे बाळंतपणातले मृत्यू मोजायला १९८९ मध्ये बहिणींबद्दल विचारायची जी सिस्टरहुड पद्धत आली ती माईसारख्या बायकांसाठीच आली, आणि प्रश्न चुकीच्या तोंडाने विचारला तर नेमकी माईच तिच्यात सापडत नाही.

निर्णय: भावंडांचा प्रश्न फक्त "आईला झालेली मुलं, जन्माच्या क्रमाने" असाच विचारायचा. आधी केलेली ११ घरं परत करायची.

२५ जून

११ पैकी ८ घरं परत केली. तीन घरांत मिळून चार भावंडं वाढली, चारही बहिणी. भाऊ एकही नाही.

२९ जून

आज अनाथपणाची पद्धत. नाव ऐकायला जड आहे पण प्रश्न एकच, तुमची आई आहे का, वडील आहेत का. ब्रास आणि हिल यांनी १९७३ मध्ये तिला रूप दिलं, पुढे इयन टिमियस यांनी तिचे गुणांक सुधारले. युक्ती अशी: आज २५ ते २९ वयाचा माणूस जन्मला तेव्हा आई साधारण पंचवीस-सव्वीसची होती, तिला आज पन्नाशी उलटलीये, म्हणजे त्या वयाच्या लोकांपैकी किती टक्क्यांची आई जिवंत आहे हे कळलं की पंचविशीपासून पन्नाशीपर्यंत बायका किती टिकतात ते निघतं. ज्या बाईला मूलच झालं नाही तिच्याबद्दल सांगायला कोणी नसतं, आणि जिची सहा मुलं तिच्याबद्दल सहा जण सांगतात, या दोन अडचणी पुस्तकात लिहिलेल्या आहेतच.

पुस्तकात तिसरी पण आहे, ती आम्हाला आज घरात भेटली. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, आई आहे का, आहे ना, आत स्वयंपाक करतेय. मामा मला खुणेने गप्प बसायला सांगत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, ती त्याची काकू, त्याची आई तो दोन वर्षांचा असताना गेली, काकूनेच वाढवलं, तो तिला आईच म्हणतो आणि म्हणायलाच हवा. आमच्या २५-२९ च्या ५२ जणांत ४७ म्हणाले आई आहे. मामांच्या माहितीने आणि परत हळूच विचारून त्यातले दोन बदलले, ४५ झाले. टक्क्यांत बघितलं तर ९० चे ८७, कोणी म्हणेल एवढंच ना. पण गेलेल्या आया ५ वरून ७ झाल्या, म्हणजे ४० टक्के वाढ, आणि मृत्यूदर तर त्या गेलेल्यांवरूनच काढायचाय. ज्या देशांत एड्सने तरुण आया मोठ्या संख्येने गेल्या आणि मुलं मावशी-आजीकडे वाढली तिथे ही चूक केवढी होत असेल.

"जन्म देणारी आई" असं थेट विचारायला जीभ वळत नाही, काकू दारात उभी असते. मामांनी सुचवलं की आधी विचारायचं, "लहानपणी तुम्हाला कोणी सांभाळलं?" आणि मग तिथून पुढे जायचं. हे चाललं.

६ जुलै, आषाढी

उपासाची साबुदाणा खिचडी खाऊन मंडळाच्या वाचनालयात गेले. इथल्या एका जुन्या मराठी मंडळात शोकसभेची एक वही आहे, वार्षिक सभेत वर्षभरात गेलेल्या सभासद-कुटुंबीयांची नावं वाचून दोन मिनिटं उभं राहतात, त्यासाठी. आम्हाला २०१५ ते २०२४ ची पानं बघायला मिळाली. आपल्या घरांच्या यादीत बसणाऱ्या, १५ च्या वरच्या ३४ नोंदी निघाल्या. लाल कापडी पुठ्ठ्याची वही, वर हळदीकुंकवाचं बोट.

पुरुषांच्या २५ नोंदी: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, बहुतेकांचं वय, काहींचा हुद्दा. बायकांच्या ९, त्यातल्या तीन नावाने. बाकीच्या सहा अशा: "श्री. अमुक यांच्या मातोश्री", "श्री. तमुक यांच्या पत्नी". वय नाही. नाव नाही. मी ती पानं दोनदा वाचली.

१३ जुलै

वयांची तपासणी. ६१२ मोठ्या माणसांच्या वयांपैकी २०३ चा शेवटचा आकडा ० किंवा ५. पाचात एक यायला हवा, इथे तीनात एक येतोय. ० वर ५ पेक्षा जास्त गर्दी, त्यामुळे ३०-३४, ४०-४४, ५०-५४ हे गट फुगतात आणि मधले बसतात, जीजीबीच्या रेषेवर ठिपके एक वर एक खाली असे नागमोडी पडतात. बनावट देशात पण हेच घालून बघितलं, तसंच झालं.

आधार कार्डावरची तारीख घ्यायची म्हटलं तर खूप जणांची १ जून. मामा सांगतात शाळेत नाव घालताना पालकांना तारीख माहीत नसली की आम्हीच १ जून टाकायचो, वर्ष पण पोर सहाचं बसेल असं. मग मामांनीच घटनांची यादी केली, १ मे १९६० गुजरात वेगळं झालं, १९७४ चं नवनिर्माण, २६ जानेवारी २००१ चा भूकंप, ३१ जुलै २०१९ चा तो पाऊस, मागच्या ऑगस्टचा विश्वामित्रीचा पूर. "भूकंप झाला तेव्हा मोठा कितवीत होता?" असं विचारलं की माणूस आपणहून नीट हिशोब करतं.

१९ जुलै

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत दिवसभर. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून हे सगळं उभं केलं, वरच्या मजल्यांची जमीन काचेची आहे म्हणजे उजेड खालपर्यंत जावा. बडोदा संस्थानाचे जुने जनगणना आकडे बघायचे होते.

१८८१: सुमारे २१ लाख ८० हजार. १८९१: २४,१५,३९६. १९०१: १९,५२,६९२.

मधे छप्पनियो, संवत १९५६ चा दुष्काळ, १८९९-१९००, आणि त्याच्या जोडीला साथी. दहा वर्षांत ४,६२,७०४ माणसं कमी, १९ टक्के. पण कमी झालेली माणसं म्हणजे मेलेली माणसं असं समीकरण नाही, काही जण संस्थानाबाहेर गेले असतील, आणि उलट बाजूने आधीच्या दशकात लोकसंख्या जवळजवळ ११ टक्के वाढली होती तशी वाढली असती तर १९०१ मध्ये २६ लाखांच्या वर असती, म्हणजे खरी खोट साडेचार लाखांहून मोठी, त्यात न जन्मलेली मुलंही आली. जनगणनेच्या नुसत्या एकूण आकड्याने यापुढे जाता येत नाही, वयवार तक्ते लागतात, १८९१ मध्ये २० ते २४ असलेले लोक १९०१ मध्ये ३० ते ३४ म्हणून किती दिसतात असं एकेक तुकडी धरून बघावं लागतं. ज्या देशांत मृत्यूची नोंदच नाही तिथे आजही हेच करतात. भाच्याने तक्ते उतरवून घेतले, पण दुष्काळानंतर वयं किती विश्वासाची, हा प्रश्न तिथेही तोच.

माझ्या पणजीच्या माहेरचे लोक याच दुष्काळात पांगले असं घरात सांगतात. किती होते ते कोणी सांगत नाही.

२७ जुलै

स्थलांतर. बनावट देशाला शहर केलं, २० ते ३४ वयाचे लोक बाहेरून येत राहतात असं, आपल्या मकरपुरा जीआयडीसीकडच्या भाड्याच्या खोल्यांत राहतात तसे. जीजीबी लगेच फसली, चढ १.९२, म्हणजे पूर्णता ०.५२, खरी ०.६० असताना. कारण समजून घेतलं तर सरळ आहे, हौदात वरून न दिसता माणसं पडतायत, वाढीचा दर फुगतो, पण तो फक्त तरुण वयांच्या ठिपक्यांवर, म्हणजे रेषेचं डावं टोक खाली ओढलं जातं आणि रेषा तिरपी होते. हजारी १५४ च्या जागी १७५ उत्तर येतं. शहरात माणसं जास्त मरतात असा निष्कर्ष कोणी काढला असता, आणि घडलं होतं एवढंच की पोरं नोकरीला आली.

३५ च्या वरच्याच ठिपक्यांवर रेषा बसवली तर ०.५९. हे बरं, पण ठिपके उरतात थोडे आणि एकेका ठिपक्याला वजन येतं, शिवाय म्हातारपणी लोक वय वाढवून सांगतात तो बिघाड वरच्या टोकाला आहेच. मधली जागा अरुंद आहे. एका शहरासाठी ही पद्धत वापरूच नये या मतापर्यंत मी आलेय, देशासाठी ठीक, तेही स्थलांतर कमी असेल तर.

मॉडेल लाइफ टेबल, म्हणजे कोणत्या वयात किती जण मरतात याचे नमुना तक्ते, त्यांचंही थोडक्यात: बालमृत्यूवरून प्रौढ मृत्यू ओढून काढायचा झाला की कोल आणि डेमेनी यांचे १९६६ चे तक्ते उघडतात, ते ज्या १९२ खऱ्या तक्त्यांवर बसवलेत ते बहुतेक युरोपचे. एड्सच्या काळात दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला लहान मुलांचा आकडा आणि मोठ्यांचा आकडा यांची फारकत झाली, मग त्या तक्त्यांवरून काढलेलं उत्तर वाऱ्यावर. आम्ही हा मार्ग सोडून दिला.

३ ऑगस्ट

घरं संपली. २०० चं ठरलं होतं, १९४ झाली. गेल्या दहा वर्षांत या घरात राहणारं मोठं कोणी गेलं का, यावर ४१ नावं. मंडळाच्या वहीत ३४. दोन्हीकडे सापडलेली २६.

आता चंद्रशेखर-डेमिंग. सी. चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी १९४९ मध्ये कलकत्त्याजवळच्या सिंगूरच्या आकड्यांवर ही पद्धत मांडली, आपल्या मातीतलं काम आहे आणि जगभर वापरतात. दोन स्वतंत्र याद्या, दोन्हींतली समान नावं, पहिली गुणिले दुसरी भागिले समान. ३४ गुणिले ४१ भागिले २६, ५३.६. प्रत्यक्ष नावं ४९, म्हणजे साडेचार मृत्यू दोन्हीकडून सुटलेत.

त्यांनीच सांगून ठेवलंय की गट पाडून करा, कारण सगळे मृत्यू सारखेच नोंदले जातात असं नसतं. पाडले.

पुरुष: वही २५, घर २५, समान २०. अंदाज ३१.
बायका: वही ९, घर १६, समान ६. अंदाज २४.

घरांत कळलेल्या पुरुषांपैकी ८० टक्के वहीत आहेत, बायकांपैकी ३८ टक्के. आणि दोन्हीकडून सुटलेले पुरुष जेमतेम एक, बायका पाच. एकत्र केलं तेव्हा हे सगळं त्या साडेचारात बुडून गेलं होतं. सरकारी नोंदीत पण कारण बहुधा हेच असणार, माणूस गेला की पेन्शन, विमा, वारसा, घराचा उतारा, प्रत्येक ठिकाणी दाखला मागतात, ज्या बाईच्या नावावर काही नाही तिच्या दाखल्याची कोणाला गरज पडत नाही.

६ ऑगस्ट

याद्या खऱ्या अर्थाने स्वतंत्र आहेत का यावर मामांशी वाद. जे मंडळात जातात त्यांनीच आम्हाला दार उघडलं, जे भाड्याने राहतात आणि मंडळात नाहीत ते दोन्हीकडून सुटणार. त्यामुळे अंदाज खरा असेल त्यापेक्षा कमीच. मामांचं बरोबर आहे.

१० ऑगस्ट

झोप उडवणारी गोष्ट. बायकांच्या २४ मध्ये सगळा भार समान या एका आकड्यावर आहे, आणि जुळवणी आम्ही नावाने केलीये, पण वहीत सहा जणींना नावच नाही. चार जणी मुलाच्या नावावरून, पत्त्यावरून जुळल्या. उरलेल्या दोघी कुठेच न जुळल्यामुळे आम्ही त्यांना "फक्त वहीत" धरलं. त्या घरांच्या यादीतल्याच दोघी असतील तर? समान ६ ऐवजी ८, अंदाज १८. एकच असेल तर समान ७, अंदाज २०.६. दोन नावं कोणी लिहिली नाहीत म्हणून २४ की १८ ते सांगता येत नाहीये. भाचा म्हणाला, मावशी, एवढ्या छोट्या नमुन्यात असं होणारच. होणारच, पण जिथे लाखांत मोजतात तिथेही बायका "अमुकची आई" म्हणूनच लिहिल्या जात असतील तर तिथेही हेच होणार, फक्त तिथे कोणाला दिसणार नाही.

पुढची कामं: दोन्ही घरं परत. मंडळाच्या कार्यकारिणीला पत्र, वहीत नाव, वय आणि गेल्याची तारीख असे रकाने आखून द्यायचे.

१७ ऑगस्ट

पत्र दिलं. कार्यकारिणीतल्या एका काकांनी तिथल्या तिथे पट्टी घेऊन पुढची दहा पानं आखली.

२४ ऑगस्ट

बुधवारी गणपती, सगळीकडे मखरांची धावपळ, तरी जाऊन आलो.

पहिली सापडली. वहीत "श्री. अमुक यांच्या मातोश्री, २०१७". मुलगा आता इथे नाही. पण त्यांची मुलगी दोन गल्ल्या सोडून राहते, आणि ती आमच्या १९४ घरांत होती, तिने आईचा मृत्यू सांगितलाही होता, २०१८ म्हणून. शेवटची दोन वर्षं आई तिच्याकडेच होत्या. मुलीचं आडनाव सासरचं, वर्ष एकाने पुढे, मंडळाने मुलाच्या नावावर लिहिलेलं, त्यामुळे जुळवणीत तिन्ही ठिकाणी चुकामूक. वर्ष कसं ठरवायचं म्हणून मी भूकंप-पावसाची यादी काढली, तर ताईंनी आतून आईच्या वर्षश्राद्धाची पत्रिका आणून दाखवली. २०१७ च बरोबर. पत्रिकेवर आईंचं पूर्ण नाव होतं, ते आमच्या यादीत आणि मंडळाच्या परवानगीने वहीतही, शेजारच्या मोकळ्या जागेत, ताईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं.

समान ७. बायकांचा अंदाज तूर्तास २०.६.

दुसरीचं घर विकलं गेलंय, खाली झेरॉक्सचं दुकान आहे. कुटुंब पुण्याला गेलं असं शेजारच्या काकूंनी सांगितलं, नातसुनेचा नंबर त्यांच्याकडे होता. गौरी-गणपती झाले की फोन करायचा.